भूल म्हणजे गाढ झोपच का? झोप, भूल आणि शुद्ध : मेंदूत नेमकं काय घडतं?

कोकणकडा
नमस्कार मंडळी.
वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आहे. दुर्बिणीतून करणार आहेत, पण भूल पूर्ण द्यावी लागणार. सर्जन म्हणाले, "काका, छान झोप लागेल. उठाल तेव्हा सगळं आटोपलेलं असेल." वडिलांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. घरी येताच त्यांनी शंका काढली : झोपलेल्या माणसाला डास चावला तरी हात चालतो, मग पोटाला चार भोकं पाडली तरी जी मोडत नाही ती झोप कसली? आणि झोप नसेल तर मेंदूतलं काय बंद पडतं, आणि ते परत सुरू कोण करतं?

त्यांना भीती कमी आणि कुतूहल जास्त आहे. इथे डॉक्टर आहेत, संशोधन करणारे आहेत. जरा सविस्तर सांगाल का? ज्यांनी भूल अनुभवली आहे त्यांनीही लिहा.

मैत्रेयी_दादर
छान विषय. वाचतेय.

सुलभा_सातारा
माझी गर्भपिशवी काढली तेव्हा पूर्ण भूल दिली होती. हाताच्या शिरेत दुधासारखं पांढरं औषध सोडलं, कोपरापर्यंत चांगलीच आग झाली. भूल देणाऱ्या बाई घरी कोण कोण असतं ते विचारत होत्या. मी थोरल्या सुनेचं नाव सांगितलं आणि त्यानंतर कानावर आलेलं पहिलं वाक्य म्हणजे "ताई, डोळे उघडा, झालं ऑपरेशन." मधला वेळ गेलाच नाही! रात्री झोपून उठलं की रात्र सरल्याचं आतून कळतं, कूस बदलल्याचं, एखाद्या स्वप्नाचं काहीतरी उरतं. इथे काहीच नाही. तुझ्या वडिलांची शंका मला शंभर टक्के पटते.

भूलवैद्य
कोकणकडा, वडिलांना नमस्कार सांगा. असे प्रश्न विचारणारे पेशंट मला फार आवडतात.

"झोप लागेल" असं आम्हीही म्हणतो, कारण टेबलावर आडवं झालेल्या माणसाला त्या क्षणी धीर हवा असतो. पण पूर्ण भूल ही झोप नव्हे. एमरी ब्राउन, राल्फ लिडिक आणि निकोलस शिफ या तिघांचा २०१० मधला एक लेख आमच्या क्षेत्रात खूप वाचला गेला. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे की पूर्ण भूल म्हणजे औषधाने आणलेला आणि पुन्हा मागे फिरवता येणारा कोमा. झोपेत मेंदू साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांत वरखाली होत राहतो : उथळ झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप, की परत उथळ. भुलीत अशा फेऱ्या नसतात. आम्ही औषध ज्या मात्रेत चालू ठेवू त्या पातळीवर मेंदू राहतो, आणि औषध उतरेपर्यंत कितीही हलवलं तरी माणूस उठत नाही.

सुलभाताईंचं पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन वापरून ते पाण्यात मिसळलेलं असतं, म्हणून दुधाळ दिसतं. मेंदूतल्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं. प्रोपोफॉल त्याच्याच रिसेप्टरवर (पेशीवरच्या, रसायनाचा संदेश घेणाऱ्या जागेवर) बसून तो शांत करण्याचा परिणाम वाढवतं. शिरेत गेल्यावर मिनिटाच्या आत काय दिसतं ते सांगतो. बोलणं जड होतं, वाक्य अर्ध्यावर सुटतं. मी पापणीच्या केसांना हलकेच बोट लावतो. पापणी मिटली नाही की समजतो, गेले. त्याच सुमारास मान सैल पडते आणि श्वास मंदावतो किंवा थांबतोच. पापणी, मान, श्वास, तिन्ही कामं मेंदूच्या खोडातून (मेंदूला पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागातून) चालतात, म्हणजे औषध तिथवर पोचलेलं असतं. म्हणून आम्ही मास्क घेऊन डोक्याशीच उभे असतो. निरोगी झोपेत मेंदूचं खोड श्वासाची सूत्रं कधीच खाली ठेवत नाही. काकांच्या प्रश्नाचं माझ्याकडचं सगळ्यात थेट उत्तर हेच.

विदुला_न्यूजर्सी
भूलवैद्य यांच्याशी सहमत, पण 'भूल वेगळी, झोप वेगळी' एवढ्यावर थांबलं तर अर्धीच गोष्ट कळेल. दोन्हींच्या वाटा मेंदूत काही ठिकाणी एकमेकींना मिळतात. मी इथे एका प्रयोगशाळेत उंदरांच्या झोपेवर काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

ही वाट पहिल्यांदा दिसली ती एका साथीमुळे. १९१६-१७ च्या हिवाळ्यात व्हिएन्नात कॉन्स्टॅन्टिन फॉन इकॉनोमो या डॉक्टरांकडे विचित्र रुग्ण येऊ लागले. बरेच जण झोपून राहत : जेवता जेवता, बोलता बोलता झोप, उठवलं तर उत्तर देत आणि परत झोपत. पण थोड्यांचं बरोबर उलटं झालं होतं, त्यांना झोप येतच नव्हती. दगावलेल्यांचे मेंदू तपासल्यावर इकॉनोमोंना दिसलं की झोपाळूंमध्ये हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाच्या) मागच्या भागाला आणि त्याच्या लगत इजा आहे, तर झोप उडालेल्यांमध्ये पुढच्या भागाला. त्यांनी अनुमान काढलं की मागे जागं ठेवणारं केंद्र आहे आणि पुढे झोपवणारं. हातात होतं फक्त सूक्ष्मदर्शक, आणि तरी हे सुचलं! मला आजही याचं अप्रूप वाटतं. तोवर बहुतेकांची समजूत अशी की बाहेरचा गोंगाट थांबला की मेंदू आपोआप झोपतो.

पुढे १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या मेंदूच्या खोडाला विजेचे बारीक झटके दिले, तेव्हा ईईजीवरच्या (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखावरच्या) संथ लाटा मोडून जागेपणीसारख्या जलद लहरी उमटल्या. म्हणजे जागेपण खालून, खोडातून वर पाठवलं जातं. आज त्यातल्या बऱ्याच पेशींची नावनिशी कळली आहे. नॉरॲड्रेनलिन पाठवणारा लोकस सेरुलियस, हिस्टमिन पाठवणारा हायपोथॅलॅमसचा मागचा एक पुंजका, शिवाय सेरोटोनिन आणि ॲसिटिलकोलिनवाले. इकॉनोमोंचं पुढचं, झोपवणारं केंद्रही सापडलं. क्लिफर्ड सेपर यांच्या गटाने १९९६ मध्ये हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात एक छोटा पुंजका दाखवला, व्हीएलपीओ. झोपेत त्याच्या पेशी कामाला लागतात आणि गाबा सोडून जागं ठेवणाऱ्या सगळ्या पुंजक्यांना गप्प करतात. जागेपणी तेच पुंजके उलट व्हीएलपीओला दाबून ठेवतात. दोघे एकमेकांना दाबतात, म्हणून दिव्याच्या बटणासारखं होतं : इकडे किंवा तिकडे, मधे अडकून राहत नाही. आणि हे बटण जागेपणाच्या बाजूला धरून ठेवायला ओरेक्सिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या १९९८ मध्ये कळल्या. त्या मेल्या की नार्कोलेप्सी होते, म्हणजे बटण दिवसभर केव्हाही पडतं.

आता भुलीशी संबंध. आयसीयूत वापरतात ते डेक्समेडेटोमिडीन हे औषध मुख्यतः लोकस सेरुलियसला गप्प करतं, म्हणजे झोपेच्याच वाटेने जातं. म्हणून त्यावरच्या रुग्णाचा ईईजी मधल्या टप्प्याच्या झोपेसारखा दिसतो, आणि हाक मारली तर तो उठतोही.

टेकडीवरचा
विदुला, जबरदस्त. इकॉनोमोंबद्दल कधीच ऐकलं नव्हतं.

पाटीलबुवा_विरार
बटण मधे अडकत नाही म्हणता, पण आमच्या विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळा लागतो, शेजारच्याच्या खांद्यावर मान पडते, आणि नालासोपारा गेलं की आपोआप जाग येते. आख्खा डबा याला साक्षीदार आहे! हे कसं जमतं?

विदुला_न्यूजर्सी
पाटीलबुवा, ती सगळी उथळ झोप. त्यात स्नायूंचा ताण बराचसा शिल्लक असतो म्हणून कडी सुटत नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदूचं खोड हातापायांच्या स्नायूंना पार सैल करतं, त्यामुळे उभ्याने ती घेताच येणार नाही, गुडघे दुमडतील. आणि उथळ झोपेत कानावर येणारं सगळंच वाया जात नाही. थॅलॅमस, म्हणजे आलेल्या संवेदना पुढे पाठवणारा मेंदूच्या मध्यातला भाग, बरंच अडवतो, पण स्वतःचं नाव कानावर पडलं तर झोपलेल्याच्या ईईजीवर इतर नावांपेक्षा मोठी उसळी दिसते. रोजच्या स्टेशनच्या घोषणेलाही मेंदू असाच ओळखत असणार.

भुलीत हे बंद होतं. आवाज कानाच्या मज्जातंतूतून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो सुद्धा, पण पुढे पसरत नाही.

चहाबाज
अवांतर : सर्दीची गोळी घेतली की डोळे मिटतात, ते त्या हिस्टमिनमुळेच का? आणि चहा यात कुठे बसतो?

भूलवैद्य
हो. जुन्या सर्दीच्या गोळ्या मेंदूत शिरून हिस्टमिनचा जागं ठेवणारा संदेश अडवतात. नव्या फारशा मेंदूत शिरत नाहीत म्हणून कमी झोप आणतात. चहा-कॉफीचं वेगळं : जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. कॅफीन त्याच्या रिसेप्टरवर नुसतं बसून राहतं. ॲडेनोसिन साचतच असतं, म्हणून चहाचा असर उतरला की एकदम गळून जायला होतं.

मुसाफिर_नाशिक
मायकेल जॅक्सन प्रोपोफॉलनेच गेला ना? तो तर झोपेसाठीच घेत होता.

भूलवैद्य
हो, जून २००९. मृत्यूचं कारण प्रोपोफॉलची तीव्र विषबाधा असं नोंदलं गेलं, आणि त्याच्या डॉक्टरला २०११ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. घरातल्या खोलीत, श्वासावर सतत नजर नसताना हे औषध देणं म्हणजे काय हे आमच्यापैकी कोणालाही विचारा, अंगावर काटा येईल. हे औषध झोपेसाठी नाही. कुणी कितीही मोठा माणूस असला तरी नाही.

विदुला_न्यूजर्सी
इथे विज्ञान थोडं गुंतागुंतीचं आहे. झोप मोडलेल्या उंदरांना प्रोपोफॉलखाली ठेवलं तर त्यांची झोपेची थकबाकी बरीच भरून निघते असं २००४ मधल्या एका प्रयोगात दिसलं. सेव्होफ्लुरेन या वायूवरच्या प्रयोगात मात्र स्वप्नझोपेची थकबाकी तशीच राहिली. म्हणजे भूल झोपेची काही कामं कदाचित उरकते, सगळी नाही. भूलवैद्यांचा इशारा त्यामुळे जराही सौम्य होत नाही.

ज्ञानदीप_पैठण
सगळं वाचलं. आपल्याकडे माण्डूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय असं वर्गीकरण आहे. वेदान्ती युक्तिवाद असा : गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो "सुखमहमस्वाप्सं, न किञ्चिदवेदिषम्", मी सुखाने झोपलो, मला काहीच कळलं नाही. 'काही कळलं नाही' हे तरी कोणाला कळलं? म्हणजे सुषुप्तीतही कोणीतरी साक्षी आहे. सुलभाताई म्हणतात की भुलीत वेळ गेल्याचंही कळलं नाही. तर भूल ही सुषुप्तीपेक्षा वेगळी अवस्था आहे याला हा पुरावा मानावा का? माझा प्रश्न मनापासून आहे, विज्ञान विरुद्ध परंपरा असा वाद मला घालायचा नाही.

तर्कट_पुणे
मला हे पटत नाही. उठल्यावर "सुखाने झोपलो" हे अनुमान आहे. अंग हलकं वाटतं, उजाडलेलं दिसतं, त्यावरून आपण मागे जाऊन सांगतो. साक्षी वगैरे मधे आणायची गरज नाही. आणि भुलीनंतर वेळ कळत नाही ते बऱ्याचदा आठवण बनू न देणाऱ्या औषधांमुळे.

ज्ञानदीप_पैठण
तर्कटराव, अनुमान म्हणालात तरी अनुमान करायला आधार लागतो. तो आधार झोपेनंतर मिळतो आणि भुलीनंतर मिळत नाही, एवढं तर तुम्हीही मान्य करता.

तर्कट_पुणे
तेवढं मान्य.

रातराणी_
मी बराच वेळ लिहू का नको या विचारात होते. माझं सिझेरियन पूर्ण भुलीत झालं, कारण मणक्यातली भूल लागली नव्हती. मी मधेच जागी होते. डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं. पोटावर ओढाताण जाणवत होती, कुणीतरी "टॉवेल" म्हणालं ते ऐकू आलं. ओरडायचं होतं आणि गळ्यात नळी. बाळाचा आवाज ऐकला तेवढाच आधार. नंतर सांगितलं तर "औषधामुळे भास झाला असेल" म्हणून विषय मिटवला. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही. पण पुढे कितीतरी महिने मला पाठीवर झोपता येत नव्हतं. इथे वाचताना वाटलं की विचारावं : असं होतं का? की खरंच भास होता?

मैत्रेयी_दादर
रातराणी, तुला घट्ट मिठी.

भूलवैद्य
रातराणी, होतं. तुम्ही सांगताय ते भास नाहीत. टॉवेल मागितल्याचा आवाज, ओढाताण, हलता न येणं, हे अगदी ओळखीचं वर्णन आहे. तुमच्यावर तेव्हाच विश्वास ठेवायला हवा होता.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःहून तक्रार केलेल्यांचा हिशोब केला तर साधारण १९,००० भुलींमागे १ असं प्रमाण निघालं. स्नायू सैल करणारं औषध दिलं असेल तर ८,००० मागे १. आणि पूर्ण भुलीतल्या सिझेरियनमध्ये ६७० मागे १, म्हणजे कितीतरी जास्त. कारणं उघड आहेत : घाई असते, बाळापर्यंत औषध जास्त पोचू नये म्हणून मात्रा हात राखून दिली जाते, आणि स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असल्यामुळे जाग आली तरी शरीर ते दाखवू शकत नाही. ते औषध फक्त स्नायूंवर चालतं, मेंदूवर त्याचा काही परिणाम नाही. नेमकी इथेच सगळी भीषणता आहे.

आणखी एक गोष्ट, तर्कटराव आणि ज्ञानदीप दोघांसाठीही. १९७७ मध्ये टनस्टॉल यांनी एक युक्ती काढली. स्नायू सैल करायच्या आधी एका दंडाला रक्तदाबाचा पट्टा घट्ट फुगवायचा, म्हणजे ते औषध त्या हातात उतरत नाही. मग भुलीत गेलेल्या माणसाला सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ मध्ये २६० जणांवर झालेल्या अभ्यासात नळी घातल्यानंतर ४.६ टक्के लोकांनी हात दाबला. नंतर आठवत नाही म्हणजे तेव्हा शुद्ध नव्हती, असं म्हणता येत नाही. आठवण आणि शुद्ध मेंदूत वेगवेगळ्या चालतात.

रातराणी, पुढे कधीही भूल घ्यायची वेळ आली तर हे पहिल्याच भेटीत सांगा. आम्ही मात्रा, औषधं, मॉनिटर, सगळं त्यानुसार ठरवतो. आणि त्रास अजून होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर जा, यावर उपचार आहेत.

रातराणी_
धन्यवाद डॉक्टर. "भास नाहीत" एवढंच कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

वैनगंगा
मी विदर्भात ग्रामीण रुग्णालयात काम करतो. आमच्याकडे अजूनही केटामाइन खूप वापरतात, कारण त्यात रुग्ण स्वतः श्वास घेत राहतो आणि रक्तदाब सहसा पडत नाही. पण ते पाहणं विलक्षण असतं. डोळे सताड उघडे, बुबुळं हळूहळू इकडून तिकडे सरकतात, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू, आणि हाड बसवलं तरी दाद नाही. उठल्यावर काही जण हसतात, काही जण घाबरून रडतात. एका आजीने उठल्यावर सांगितलं की ती छतावरून स्वतःकडे बघत होती. याला बेशुद्ध म्हणायचं तरी कसं?

विदुला_न्यूजर्सी
वैनगंगा, फार छान निरीक्षण. प्रोपोफॉल पेशींना गप्प करतं. केटामाइन एनएमडीए नावाचे रिसेप्टर अडवतं, आणि त्यात आधी लगाम घालणाऱ्या पेशीच सापडतात. लगाम सुटला की मेंदूचा पृष्ठभाग उलट जास्त खळबळतो, ईईजीवर जलद लहरी दिसतात. त्यामुळे भुलीची खोली ० ते १०० अशा आकड्यात सांगणारं मॉनिटर केटामाइनच्या वेळी फसवं ठरतं. एरवी पूर्ण भुलीत तो आकडा ४० ते ६० मध्ये ठेवतात.

आणि यातूनच मला वाटणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे येते. मेंदू शांत आहे की खळबळतोय यावर शुद्ध ठरत नाही. दूरदूरचे भाग एकमेकांशी बोलतायत का, यावर ठरते. प्रोपोफॉलखाली सेकंदाला एकापेक्षाही कमी वेगाच्या संथ लाटा येतात. प्रत्येक लाटेत पेशींना बोलायची छोटीशी संधी असते, पण कपाळामागच्या भागाची संधी आणि मागच्या भागाची संधी एका वेळी येत नाही. दोघे जिवंत आहेत, दोघे बोलतायत, पण गाठ पडत नाही. इटलीतल्या मार्चेल्लो मासिमिनी यांच्या गटाने डोक्याबाहेरून चुंबकीय टिचकी देऊन हेच मोजलं. जाग्या मेंदूत टिचकीचा पडसाद गुंतागुंतीने लांबवर जातो, गाढ झोपेत आणि प्रोपोफॉलखाली जागच्या जागी विझतो. केटामाइनखाली मात्र तो जागेपणीसारखाच लांबवर जातो. वैनगंगांच्या आजी आत कुठेतरी होत्या, फक्त खोलीशी त्यांचा संबंध तुटला होता.

सुलभा_सातारा
विदुला, "दोघे बोलतायत पण गाठ पडत नाही" हे वाचून मला पहिल्यांदा काहीतरी कळल्यासारखं वाटलं.

कोकणकडा
मंडळी, तुम्ही फार दिलंत. वडिलांना सगळं वाचून दाखवलं, इकॉनोमोंचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. उद्या भूलतज्ज्ञांची तपासणी आहे. ७४ वय, रक्तदाबाची गोळी चालू, रात्री जोरात घोरतात. काय सांगावं, काय विचारावं? आणि शेजारचे एक काका ऑपरेशननंतर दोन दिवस कुणाला ओळखत नव्हते, ती धास्ती आईला आहे.

भूलवैद्य
घोरण्याचं नक्की सांगा, आणि तुमच्या आईला बरोबर न्या. झोपेत मधेच श्वास अडकून दचकून उठतात का, दिवसा पेंगतात का, हे त्याच नीट सांगू शकतील. झोपेत घसा बंद होण्याचा विकार असेल तर भुलीनंतर वेदनाशामकं बेताने द्यावी लागतात आणि रात्री ऑक्सिजनवर लक्ष ठेवावं लागतं. रक्तदाबाची कुठली गोळी सकाळी घ्यायची आणि कुठली नाही ते भूलतज्ज्ञच सांगतील, आपल्या मनाने बंद करू नका. हलणारे दात, कवळी, आधीच्या भुलीचा त्रास, दारू-तंबाखू, आयुर्वेदिक काढे, काहीही लपवू नका. उपाशी राहायला सांगितलंय तेवढं कटाक्षाने राहा, "घोटभर चहाने काय होतंय" असं करू नका. भुलीत घशाचा पहारा उठलेला असतो, पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं.

शेजारच्या काकांचं झालं ते वयस्कांत होतं, आणि बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. ते कमी व्हावं म्हणून घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत : चष्मा आणि कानाचं यंत्र शुद्धीवर आल्या आल्या परत द्यायचं, ओळखीचं माणूस जवळ ठेवायचं, दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवे मंद आणि झोप मोडायची नाही. हॉस्पिटलात रात्रीची झोप कुणी मनावर घेत नाही. मी दरवेळी यावरून भांडतो.

मुसाफिर_नाशिक
उपाशी राहण्याचं कारण आज पहिल्यांदा कळलं.

अबोली_बेळगाव
एक जड प्रश्न. केईएमच्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत भान हरपलेल्या अवस्थेत होत्या, सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे त्यांचं नाव देशभर गेलं. अशा माणसाला आतून काही कळतं का, हे मेंदूत पाहून सांगता येतं का?

विदुला_न्यूजर्सी
त्यांच्याबद्दल काही बोलणं योग्य नाही, तशी तपासणी झालेली नसताना कुणीही बोलू नये. सर्वसाधारण सांगते. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी एका तरुणीचा मेंदू स्कॅनरमध्ये पाहिला. सगळ्या तपासण्यांत ती बेशुद्धच ठरली होती. तिला सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. निरोगी माणसाचा जो भाग उजळतो तोच तिचाही उजळला. घरात फिरतेयस म्हटल्यावर दुसरा भाग उजळला, तोही निरोगी माणसासारखाच. म्हणजे ती ऐकत होती.

२००७ मध्ये निकोलस शिफ आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अर्धवट शुद्धीत असलेल्या एका माणसाच्या थॅलॅमसमध्ये तारा बसवून मंद वीज दिली. तो पुन्हा तोंडाने जेवू लागला, काही शब्द बोलू लागला. २०२० मध्ये भुलीतल्या माकडांच्या थॅलॅमसच्या मधल्या एका छोट्या भागाला सेकंदाला ५० ठोके दिले, तर भूल चालू असतानाच त्यांनी डोळे उघडले. ठोके थांबवले की परत बेशुद्ध. भुलीवरचं संशोधन ऑपरेशन थिएटरच्या बाहेर या माणसांच्या कामी यावं, म्हणून मी या क्षेत्रात आहे.

कोकणकडा
तपासणी झाली. भूलतज्ज्ञ बाईंनी घोरण्यावरून बरेच प्रश्न विचारले, झोपेची चाचणी आधी करायला सांगितली आहे. वडिलांचा एक प्रश्न मात्र उरलाय : 'परत सुरू कोण करतं?' औषध उतरलं की मेंदू आपोआप उलट्या वाटेने वर येतो का?

विदुला_न्यूजर्सी
अगदी तीच वाट नसते, आणि मला वाटतं काकांचा हाच प्रश्न सगळ्यात खोल आहे. मॅक्स केल्झ यांच्या गटाने २००८ मध्ये ओरेक्सिनच्या पेशी नष्ट झालेल्या उंदरांना भूल दिली. भूल चढायला त्यांना नेहमीच्या उंदरांइतकंच औषध लागलं. पण उतरताना ते कितीतरी उशिरा उठले. म्हणजे चढताना ओरेक्सिनचा फारसा संबंध नाही, परत येताना आहे. पुढे त्यांनी माश्या आणि उंदीर दोन्हींत दाखवलं की ज्या मात्रेवर शुद्ध जाते त्यापेक्षा कमी मात्रेवर ती परत येते. मेंदू ज्या अवस्थेत आहे तिथेच राहायला बघतो. तेव्हा औषध उतरणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं जागं ठेवणाऱ्या पुंजक्यांचं, तेच जे रोज सकाळी आपल्याला उठवतात. जाताना भूल झोपेपेक्षा वेगळी असते, परतीची वाट मात्र बरीचशी झोपेची.

टेकडीवरचा
मग माझा थेट कामाचा प्रश्न. धाकट्या भावाला नार्कोलेप्सी आहे, अक्कलदाढ पूर्ण भुलीत काढायची म्हणतायत. त्याला उठायला उशीर होईल का?

भूलवैद्य
होऊ शकतो, तशा नोंदी आहेत, पण सगळ्यांना होत नाही. निदानाचे कागद आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन भूलतज्ज्ञांना आधीच भेटा, गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाहीत ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि आधी हे विचारा की नुसती जागा बधिर करून दाढ निघते का. बहुतेक वेळा निघते.